पाण्यातली चाल

लुबोक बुलुह गावच्या माणसांना पुराची भीती घालायला जाल, तर ती तुम्हालाच पुराचे मासे तळून वाढतील. वर्षाचे दहा महिने ही माणसं रबराच्या झाडांना खाचा पाडून चीक गोळा करतात. नोव्हेंबर सरता सरता पावसानं साली भिजल्या की सुऱ्या खुंटीला लागतात, कारण ओल्या झाडाचा चीक वाटीत उतरत नाही, खोडावरून वाहून जातो. मग कामधाम नाही. घराच्या फळ्यांना बुरशी चढते आणि माणसांना आळस. अशात नदी अंगणात आली की गावाला हुरूप येतो. फुटबॉलच्या मैदानात छातीभर पाणी साठतं, ट्रकच्या ट्यूबा बाहेर निघतात, केळीच्या खांबांचे तराफे होतात, उंचवट्यावर कुणीतरी कंद उकडायला चूल मांडतं आणि साठी उलटलेली माणसंही लाजलज्जा गुंडाळून डुंबतात. चार दिवसांनी पाणी उतरतं. चिखल उपसताना सगळे पाण्याला शिव्या घालतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा ट्यूबा फुगवतात.

या खेळाचा राजा होता सेनिक. एकसष्टाव्या वर्षीसुद्धा तो पुलाच्या कठड्यावरून उडी मारायचा, आणि त्याची बायको एसाह काठावरून ओरडायची, "म्हाताऱ्या माकडाला झाड सुटत नाही!" गाव दोघांनाही हसायचं.

त्या वर्षी जूनमध्ये, ईदनंतर महिनाभरानं चीक काढता काढता सेनिक झाडाखालीच कोसळला. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. इस्पितळात व्यायाम शिकवणाऱ्या पोरीनं एसाहला बाजूला घेऊन सांगितलं, "मावशी, यांना रोज चालवा. पाय बसला की माणूस बसतो." एसाहनं ते वाक्य गाठीला बांधलं. रोज सकाळी ती त्याला मळ्यात न्यायची. रबराची झाडं एका ओळीत, दहा-दहा फुटांवर. सेनिक डावा हात एका खोडाला लावायचा, उजवा पाय फरफटत पुढच्या खोडापर्यंत जायचा, तिथं दम खायचा. ऑगस्टमध्ये चार झाडं झाली, ऑक्टोबरच्या शेवटी अकरा.

मग पाऊस लागला. तांबडी माती लोण्यासारखी झाली आणि सेनिक आठव्या झाडाशी पाय घसरून उताणा पडला. शेजारीण मेक सोम धावत येईपर्यंत तो तसाच होता, उघड्या तोंडात पाऊस घेत. दोघी बायकांनी त्याला ओढत घरी आणला. त्या दिवसापासून त्यानं पाय खाली टेकवायला नकार दिला. ओसरीतल्या चटईवर भिंतीकडे तोंड करून पडायचा. भात दोन घास. एसाहनं समजावलं, रागावली, रडली, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आमच्याकडं शेजारणीसारखं बायकोलाही मेकच म्हणतात. एकदा तर तो एसाहला म्हणाला, "मेक... खड्डा खणायला सांग. पावसात माती मऊ असते."

"खणते," एसाह म्हणाली, "पण तिथपर्यंत चालत यायचं. मी काही उचलून नेणार नाही."

पण मनातून ती हादरली होती. माणूस डोळ्यांदेखत आटत चालला होता, आणि ती नुसती बघत होती.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाणी आलं. सकाळी एसाह उठली तेव्हा घराच्या नऊ पायऱ्यांपैकी खालच्या तीन दिसत नव्हत्या. मैदानाकडून आरडाओरडा ऐकू येत होता. सेनिकनं कित्येक दिवसांनी भिंतीकडचं तोंड वळवलं.

"मला खाली ने."

"कुठं खाली?"

"पाण्यात."

"आयोह, डोकं ठिकाणावर आहे ना?" मुलगी झाल्यापासून ती त्याला आयोह, म्हणजे बाबाच म्हणायची. "जमिनीवर उभं राहता येत नाही आणि निघाले पोहायला."

तेवढ्यात काखेत कोंबडी धरून, कमरेभर पाण्यातून मेक सोम आली. तिचं घर सखल भागात, त्यामुळे पूर आला की तिच्या कोंबड्यांचा मुक्काम एसाहच्या ओसरीत. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "ने की गं. बुडालाच तर मी आहे. चाळीस वर्षं त्यानं गावाला खेळवलं, एक दिवस गावानं त्याला खेळवावं."

दोघींनी त्याला पायऱ्यांवरून बसत बसत उतरवला. पाणी काळं, गार आणि थांबलेलं होतं. पावसाचं साठलेलं पाणी, त्याला ओढ नसते. छातीपर्यंत पाण्यात गेल्यावर सेनिकनं डावा हात एसाहच्या खांद्यावरून काढला. ती किंचाळणार, तोच तिनं पाहिलं की तो उभा आहे. पाण्यानं त्याचं ओझं आपल्या अंगावर घेतलं होतं. महिनाभर चटईवर ओंडक्यासारखा पडलेला उजवा पाय वर उचलला गेला, पुढं पडला. मग डावा. मग पुन्हा उजवा. सात पावलं. सातव्या पावलाला तो वळला आणि अर्ध्या तोंडानं हसला.

ट्यूबवर बसलेला एकजण ओरडला, "अरे, पोक सेनिक उतरला! नवरदेव आला रे!" पोक म्हणजे काका.

सेनिकची जीभ अजून जड होती, तरी त्यानं उत्तर दिलं. "तुझ्या... बहिणीला... तयार ठेव."

अशी थट्टा त्यानं जूनपासून केली नव्हती. एसाह पाण्यातच तोंड धुतल्यासारखं करून रडली.

चार दिवस पाणी होतं आणि चार दिवस सेनिक पाण्यात होता. सकाळी एकदा, दुपारी एकदा. चौथ्या दिवशी तो मेक सोमच्या पायरीपर्यंत पोचला. घरातलं पाणी ओसरल्यावर परतलेल्या मेक सोमनं वरून काळ्या कॉफीचा पेला खाली दिला आणि तो पाण्यात उभा राहून, डाव्या हातानं, एक थेंब न सांडता प्याला. त्या रात्री तो दोन ताटं भात जेवला. बुडूची, म्हणजे आंबवलेल्या माशांची चटणी मागून घेतली.

मग पाणी उतरलं. मागं गुडघाभर चिखल राहिला, आणि चिखलात सेनिकला एक पाऊल टाकता येईना. पहिल्या दिवशी तो म्हणाला, येईल पुन्हा. तिसऱ्या दिवशी त्यानं भिंतीकडे तोंड केलं. डिसेंबरातलं पाणी एकदाच येऊन जात नाही, दोनतीन लोंढे येतात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण कधीकधी एकावरच भागतं. एसाहचा जीव टांगणीला लागला.

त्या दिवसांत ती सकाळी मेक सोमच्या घरी चिखल खरवडायला जायची. मेक सोमची गादी कुजली होती, तांदळाचं पोतं आंबलं होतं, वेळेत हाती न लागलेल्या पाच कोंबड्या मेल्या होत्या. "आता पुरे बाई या वर्षी," मेक सोम नारळाच्या करवंटीनं फळ्या घासत म्हणायची. एसाह "हो गं" म्हणायची. संध्याकाळी नमाजाला बसल्यावर हात पसरून मात्र ती उलटंच मागायची. अल्ला, पाणी पाठव. आणखी एकदाच. छातीपर्यंत. आपण काय मागतो आहोत, कुणाच्या घरावर मागतो आहोत, हे तिला कळत होतं. लाजही वाटत होती. तरी तिनं सात संध्याकाळी मागितलं.

आठव्या दिवशी पाणी आलं. या वेळी चौथी पायरीही गेली. मेक सोम पुन्हा कोंबड्या काखेत मारून आली, यावेळी शिव्या देत. एसाहला तिच्या डोळ्याला डोळा देववेना. पण सेनिक आपणहून पायऱ्यांवर सरकत आला होता.

आता त्याला अंगण पुरेना. "सुरावपर्यंत जायचं," तो म्हणाला. सुराव म्हणजे गावची नमाजाची जागा, घरापासून डांबरी रस्त्यानं दोनशे पावलं. पुरात हा रस्ता दिसत नाही. दोन्ही बाजूंना खोल चर आहेत, त्यामुळे चुकलात की गळ्यापर्यंत. पण लुबोक बुलुहच्या माणसाला रस्ता बघावा लागत नाही. सुरावच्या घुमटाच्या बरोबर मागं एक वाकडा माड आहे. घुमटाचं टोक माडाच्या शेंड्याखाली धरून सरळ चालत राहायचं, पायाखाली डांबर लागणारच. आजोबांनी बापाला शिकवलं, बापानं मुलांना. डोळे समोर, पाय बिनधास्त.

पहिल्या दिवशी सेनिक साठ पावलं गेला आणि परतला. शुक्रवारी हातात बांबू घेऊन निघाला, मागून एसाह. सुरावच्या वरच्या पायरीवर इमाम लुंगी खोचून गळ टाकून बसले होते.

"काय सेनिक, जुम्म्याला आलास की मासे चोरायला?"

"आधी... जुम्मा. मग मासे." त्यानं हात लांब करून सुरावचा खांब धरला आणि खांबाला कपाळ टेकून उभा राहिला. इमामांनी गळ बाजूला ठेवला.

परत येताना एसाहला पाण्याचा रंग वेगळा वाटला. काळेपणा गेला होता. दुधाच्या चहासारखं पिवळं, त्यावर फेस, आणि साल निघालेले ओंडके. गावात सगळ्यात म्हातारे पोक जार त्याच संध्याकाळी कुटुंबकबिला घेऊन टेकडीवरच्या शाळेत गेले. जाताना प्रत्येक घरासमोर होडी थांबवून सांगत होते, "हे पाणी आपलं नाही. वरचे डोंगर लाकूडतोड्यांनी बोडके केलेत, हे तिथलं पाणी आहे. याला खेळता येत नाही." लोकांनी मान डोलावली. म्हातारा भित्रा झाला, असं म्हणून पुन्हा ट्यूबांवर बसले. दरवर्षी पाणी पाचव्या पायरीला टेकून मागं फिरतं, ही आमच्या लोकांची श्रद्धा. नदीनं असा करार कुणाशी केला होता, ते मात्र कुणी सांगत नाही.

लेकीचा, रोहानीचा, जोहोरहून फोन आला. "आई, वरच्या गावांत घरं वाहून गेलीत. बातम्यांत दाखवतायत. शाळेत जा, आत्ता जा."

"जाऊ उद्या."

"उद्या कशाला?"

"तिथं हा काय करेल? सिमेंटच्या खोलीत दोनशे माणसांत चटईवर पडेल. चालतोय गं तो. सुरावपर्यंत गेला."

मग रोहानी म्हणाली, "आई, जिवंत राहिला तर चालेल."

एसाहला राग आला. दूर राहून शहाणपण शिकवायला काय जातं, असं म्हणून तिनं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पाणी पाचव्या पायरीवर होतं आणि सेनिक सुरावला जाऊन आला. तिसऱ्या दिवशीही पाचव्याच पायरीवर, आणि तो पुन्हा जाऊन आला, या वेळी कुठंही न थांबता. एसाहनं बोचकी बांधून ठेवली होती. उद्या जाऊ, ती मनाशी म्हणाली, आणखी एक दिवस चालू दे.

चौथ्या दिवशी फटफटलं तेव्हा पाणी सातव्या पायरीवर होतं. रात्रीत दोन पायऱ्या. खेळणारं आता कुणी नव्हतं. मैदानाच्या बाजूनं पाणी आवाज करत वाहत होतं, आणि त्यातून एक फ्रीज, एक मेलेली म्हैस, कुणाच्या तरी घराचा अख्खा जिना गेला. मेक सोमच्या घराचं नुसतं छप्पर दिसत होतं. तिला आदल्या संध्याकाळीच होडीवाल्या जालीनं उचलून स्वतःच्या घरी नेलं होतं.

आठच्या सुमाराला जालीची होडी सुरावजवळ आली. त्यापुढं ती येईना. तुटलेल्या विजेच्या तारा आणि उन्मळलेलं बांबूचं बेट यांनी होडीची वाट अडवली होती, माणूस तेवढा कडेनं निघाला असता. होडीत सात माणसं होती, त्यांत मेक सोम. जालीनं इंजिनाचा जोर लावून होडी सुरावच्या खांबाशी धरली आणि ओरडला, "एसाहकाकी! तिथंच थांबा! यांना शाळेत टाकून तासाभरात येतो. दोन माणसं आणि दोर आणतो, पोक सेनिकला पाठीवर घेऊन जाऊ!"

"तासाभरात पाणी घरात असेल!" सेनिक म्हणाला. मग एसाहकडे वळला. "मेक, मी पोतं नाही. मी चालतो."

एसाहनं पाण्याकडे पाहिलं. रस्त्यावर ते सेनिकच्या छातीपर्यंत येणार, म्हणजे कालपेक्षा हातभर जास्त. ओढ होती, पण रस्त्याच्या मधोमध कमी दिसत होती. घुमट जागेवर होता. माड जागेवर होता. आणि तिचा नवरा दाराला न धरता उभा होता, कोरड्या फळीवर, दोन पायांवर, सहा महिन्यांत पहिल्यांदा.

"एसाह, थांब गं!" होडीतून मेक सोम ओरडली. "जाली म्हणतोय तर थांब!"

एसाहच्या तोंडून निघालं ते तिला पुढं जन्मभर ऐकू येत राहणार होतं. "जाऊ नकोस जाली! येतोय आम्ही. तो चालेल!"

सेनिक पुढं, हातात बांबू. दोन पावलं मागं एसाह, डोक्यावर बोचकं. तो खरंच चालला. पाणी पिवळं होतं, अंगाला ढकलत होतं, तरी त्यानं डोळे घुमटावरून हलवले नाहीत. उजवा पाय, डावा पाय. शंभराच्या पुढं गेल्यावर होडीतलं कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं, मग सगळेच. "चल पोक सेनिक! चल!" एसाहला वाटलं, आता रोहानीला फोन लावायचा आणि सांगायचं, बघ. एकशे साठ. एकशे सत्तर. जालीनं हात पुढं केला होता.

सुरावच्या अलीकडं रस्त्याखालून एक मोरी जाते. पहाटेपासून डोंगराचं पाणी त्या मोरीत ओंडके कोंबत होतं, आणि केव्हातरी मोरीसकट रस्ता खचून गेला होता. वरून काहीच दिसत नव्हतं. घुमट आणि माड एका रेषेतच होते. सेनिकनं पाऊल टाकलं आणि तो गेला. ओरडलाही नाही. बांबू तेवढा वर आला, आडवा झाला आणि वेगानं मैदानाकडं निघून गेला.

एसाहच्या पायाच्या बोटांना डांबराची तुटकी कड लागली. तिथंच ती उभी राहिली. बोचकं डोक्यावरच होतं. जालीनं उडी मारली, दोनदा बुडी घेतली, तिसऱ्यांदा वर आला तेव्हा त्याच्या नाकातून रक्त येत होतं. त्यानं तिला दंडाला धरून होडीत ओढली. मेक सोमनं तिला कुशीत घट्ट आवळून धरलं, आणि एसाह एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, "पंचवीस पावलं राहिली होती. फक्त पंचवीस."

दुसऱ्या दिवशी दुपारी सेनिक मैदानापलीकडच्या बांबूंत अडकलेला सापडला. पाणी उतरायला लागलं होतं, पण कबरस्तान अजून बुडालेलं होतं, म्हणून शाळेच्या मागं टेकडीवर जागा खणली. रोहानी वाटेत अडकली होती, पूल तुटला होता. शाळेच्या एका वर्गात बाकं जोडून त्याला ठेवला. बायकोला मेलेल्या नवऱ्याला शेवटची आंघोळ घालायचा हक्क असतो. घालणार का, असं इमामांनी विचारलं आणि एसाह उठली. इमाम तांब्यानं पाणी ओतत होते, जाली पडदा धरून उभा होता.

"काकी," जाली खाली मान घालून म्हणाला, "मी इंजिन बंद करून आधी तुमच्याकडं यायला हवं होतं."

"तू थांब म्हणाला होतास. मी ऐकलं नाही."

इमाम हळू म्हणाले, "एसाह, अल्लाची मर्जी."

"मर्जी त्याची," एसाह म्हणाली. "मागणं माझं होतं. सात संध्याकाळ मागितलं मी हे पाणी." इमामांनी तांब्या पुन्हा भरला.

तिनं त्याचं तोंड धुतलं, केसांतला गाळ काढला, हात धुतले. मग पायांशी आली. उजव्या पायाला ती जूनपासून रोज तेल चोळत होती. पोटरीच्या जागी नुसती सैल कातडी हाताला लागायची आणि आत हाड. गेल्या दोन आठवड्यांत पुराच्या गडबडीत तेल लावायचं राहून गेलं होतं. आता हात फिरवताना ती थबकली. पुन्हा चाचपून पाहिलं. डावा पाय दाबला, मग उजवा. पोटरी भरायला लागली होती. फार नाही, पण मांस धरलं होतं.

"काय झालं?" इमामांनी विचारलं.

"काही नाही. ओता पाणी," एसाह म्हणाली. पण तिचा हात त्या पायावरून निघेना. आणखी महिनाभर मिळता, तर हा पाय कोरड्या जमिनीवर चालला असता.